वेबपेजला घरातलं दिसत नाही

अख्खा पडदा व्यापणारी निळी-लाल खिडकी. तिच्यात मायक्रोसॉफ्टच्या चार रंगीत चौकोनांची हुबेहूब नक्कल, भराभर पुढे सरकणारी 'तपासणी', सापडलेल्या व्हायरसांची वाढत जाणारी यादी आणि ठळक अक्षरांत एक फोन नंबर. स्पीकरमधून यांत्रिक आवाज इंग्रजीत बजावत असतो, की कॉम्प्युटर बंद करू नका, केलात तर सगळा डेटा जाईल. माउसचा बाण गायब. खिडकी बंद करायची फुली कुठेच नाही. हे ज्याने एकदा अनुभवलं त्याला तेव्हा छातीत झालेलं धस्स अजून आठवत असेल.

ती खिडकी म्हणजे एक वेबपेज असतं. बातम्यांचं जसं पान, रेल्वेच्या तिकिटांचं जसं पान, तसंच हेही. ब्राउझर पडदाभर पसरवलेला असतो म्हणून फुली दिसत नाही. माउसचा बाण लपवणं कुठल्याही वेबपेजला जमतं. आवाज ही आधीच भरून ठेवलेली ध्वनिफीत, आणि ती तपासणी म्हणजे नुसतं हलतं चित्र. तुमच्या हार्ड डिस्कवर काय आहे, हे ब्राउझरमधल्या पानाला दिसतच नाही. ब्राउझरची रचनाच तशी असते. सोसायटीच्या कुंपणावर कोणी कागद चिकटवला, 'तुमच्या स्वयंपाकघरात नाग शिरलाय', म्हणून त्या कागदाने तुमचं स्वयंपाकघर पाहिलेलं नसतं.

"पण त्यात माझा आयपी पत्ता होता, खाली नाशिक लिहिलं होतं, विंडोजसुद्धा बरोबर ओळखलं होतं!" असं मला बरेच जण सांगतात. खरं आहे. ते प्रत्येक वेबसाइटला कळतं. पान पाठवायचं तर आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा आपल्या जोडणीचा क्रमांक, लागतोच, त्यावरून शहराचा अंदाज बांधता येतो, आणि आपण विंडोज वापरतो हे ब्राउझर स्वतःहून सांगत असतो. रोज वाचतो त्या वर्तमानपत्राच्या साइटलाही हे सगळं ठाऊक असतं, फक्त ती ते आपल्यापुढे नाचवत नाही.

मी नाशिकमधल्या एका ज्येष्ठ नागरिक संघात आठवड्यातून एकदा कॉम्प्युटर शिकवते. तिथल्या मंडळींच्या व्हॉट्सॲपवर 'या दहा चुका टाळा' छापाचे संदेश सतत फिरत असतात. ते वाचलेले असतात, पुढे पाठवलेले असतात, आणि घाबरल्या क्षणी त्यातला एकही आठवत नाही. वेबपेजला आतलं दिसत नाही, ही एकच गोष्ट मात्र नीट समजली तर ती घाबरलेल्या माणसाच्याही हाताशी राहते, असा माझा अनुभव आहे. म्हणून मी तिच्यावर इतका वेळ घालवते.

संघात एक बाई येतात. निवृत्त मुख्याध्यापिका. गावातल्या अर्ध्या लोकांना त्यांनी गणित शिकवलेलं, त्यामुळे सगळे त्यांना बाईच म्हणतात, मीही. मुलाने परदेशातून लॅपटॉप पाठवलाय, त्यावर त्या जुन्या मराठी पुस्तकांचे स्कॅन शोधून वाचतात. मध्यंतरी त्या यायच्याच बंद झाल्या. मी घरी गेले तेव्हा आधी चहा झाला, गुडघेदुखी झाली, मुलाची खुशाली झाली. मग त्यांनी कपाटातून गोधडीत गुंडाळलेला लॅपटॉप काढला. तो आवाज बंद होईना म्हणून त्यांनी भिंतीवरचं बटण बंद केलं होतं, पण बॅटरीवर तो चालूच राहिला. शेवटी गोधडीत घालून कपाटात.

"अगं, मला दुरुस्तीला टाकायचाय. पण दुकानातल्या पोरासमोर कसा उघडू? त्यावर जे लिहून आलंय ना, ते तोंडाने सांगवत नाही."

मला अंदाज आला. या खोट्या इशाऱ्यांमध्ये बरेचदा 'अश्लील साइटमुळे आलेला व्हायरस' असं लिहिलेलं असतं.

"मी तसलं काही बघत नाही गं."

"बाई, मला माहीत आहे. तुम्ही काहीही बघितलं असतं तरी ते हेच म्हणाले असते. सगळ्यांना एकच मजकूर जातो."

त्या काही बोलल्या नाहीत, पण खांदे सैल झालेले दिसले. नंतर लॅपटॉप उघडून पाहिला तर त्यात काहीही बिघडलेलं नव्हतं.

'अश्लील' हा शब्द तिथे विचार करून घातलेला असतो, याचा मला मनापासून संताप येतो. भीती वाटली तर माणूस शेजाऱ्याला हाक मारतो, मुलाला फोन लावतो. लाज वाटली तर तो दार लावून घेतो. आणि दार लावून घेतलेल्या माणसासमोर मग तो पडद्यावरचा एकच फोन नंबर उरतो. सत्तरी ओलांडलेल्या, आयुष्यभर इतरांना शिस्त लावलेल्या बाईला आपल्याच घरात अपराधी वाटायला लावायचं, हा या धंद्याचा पाया आहे. या फसवणुकीत सापडलेल्यांना भोळे, अडाणी म्हणणाऱ्यांशी मी भांडते. नियम पाळणारा, यंत्राने सांगितलेली सूचना गांभीर्याने घेणारा, 'माझ्यामुळे काही बिघडायला नको' असं वाटणारा माणूस यात आधी सापडतो.

बाई त्या पानावर पोहोचल्या कशा? पुस्तकाच्या पीडीएफसाठी एका साइटवर गेल्या होत्या. तिथे 'डाउनलोड' लिहिलेली तीन-चार हिरवी बटणं होती. खरी लिंक खाली बारीक अक्षरांत, बाकीच्या सगळ्या जाहिराती. आपल्या मराठी वाचकांची बरीचशी भ्रमंती अशाच गल्ल्यांतून होते. जुनी पुस्तकं, फुकट फॉन्ट, कृतिदेव या जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलणारं काहीतरी, मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर. यातल्या टायपिंगसाठी तर बाहेरून काही आणायची गरजच नाही. विंडोज १० मध्ये २०१९ पासून मराठीचा फोनेटिक कीबोर्ड आतच दिलेला आहे. सेटिंगमध्ये जाऊन मराठी भाषा जोडायची, की झालं. तरी 'फ्री मराठी टायपिंग डाउनलोड' शोधून अनोळखी साइटवरून फाइल उतरवणारे मला अजून भेटतात.

त्या खिडकीतून बाहेर पडायचं तर एस्केपची कळ थोडा वेळ दाबून धरायची. पडदाभर पसरलेला ब्राउझर बहुतेक वेळा लहान होतो आणि फुली दिसू लागते. नाही झाला, तर ऑल्ट आणि एफ४. तेही नाही, तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडायचा, यादीतला ब्राउझर निवडायचा आणि 'एंड टास्क' करायचं. बोटं थरथरत असतील तर पॉवरचं बटण दाबून धरा. 'बंद करू नका' असं ते पान ओरडत असतं, त्याचं कारण बंद केलं की त्याचा खेळ संपतो. पुन्हा ब्राउझर उघडल्यावर 'आधीची पानं परत आणू का' असं विचारलं, तर नाही म्हणायचं. बाईंच्या लॅपटॉपवर तो इशारा दर वेळी परत यायचा तो यामुळेच.

त्या नंबरवर फोन लावला तर पुढे काय होतं, हेही सांगायला हवं. पलीकडचा माणूस अत्यंत सौजन्याने बोलतो आणि एनीडेस्क, टीमव्ह्यूअर किंवा अल्ट्राव्ह्यूअर यांसारखं दूरून कॉम्प्युटर चालवायचं सॉफ्टवेअर घ्यायला लावतो. ही सॉफ्टवेअर स्वतः खोटी नाहीत, कंपन्यांतले तंत्रज्ञ ती रोज वापरतात. पण त्यांतून तो तुमच्या कॉम्प्युटरच्या आत येतो. वेबपेजला जे शक्य नव्हतं ते आपणच हाताने करून देतो. मग पुरावे दाखवणं सुरू होतं. तो इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची घडामोडींची नोंदवही, उघडतो. त्यात लाल-पिवळ्या खुणांच्या शेकडो नोंदी असतात. ठणठणीत कॉम्प्युटरमध्येही असतात, कारण एखादी सेवा सुरू व्हायला दोन क्षण उशीर झाला तरी तिथे नोंद होते. तो म्हणतो, हे सगळे व्हायरस. मग आज्ञा टाइप करायच्या काळ्या खिडकीत 'ट्री' अशी आज्ञा देतो. त्याने फक्त फोल्डरांची यादी धावते, पण ती तपासणीसारखी दिसते, आणि शेवटी त्याने स्वतः टाइप केलेलं 'व्हायरस सापडला' असं वाक्य उमटतं. सगळ्यांत बेमालूम युक्ती 'असॉक' या आज्ञेची. तिने कोणत्या प्रकारची फाइल कशाने उघडायची याची यादी येते, आणि त्या यादीच्या तळाशी तीन आठांनी सुरू होणारा एक लांबलचक कोड असतो. "हा तुमच्या कॉम्प्युटरचा गुप्त परवाना क्रमांक, आमच्याकडे नोंदलेला आहे, ताडून बघा," असं म्हणून तो आकडे वाचून दाखवतो. जुळतात. जुळणारच, कारण तो कोड जगातल्या प्रत्येक विंडोजमध्ये तोच असतो.

मी हे संघात मुद्दाम चालवून दाखवते. दोन वेगवेगळ्या लॅपटॉपवर तोच कोड उमटलेला पाहिला की खोलीत कुजबुज सुरू होते. बँकेतून निवृत्त झालेले एक काका सगळ्यांत जास्त चिडले होते. "म्हणजे खातं जुळलं म्हणून आपण विश्वास ठेवायचा, आणि खातं सगळ्यांचं एकच!" त्यांनी आयुष्यभर जुळवणीवर विश्वास ठेवला होता.

पुढचा टप्पा पैशांचा. 'दुरुस्ती'ची फी. काही महिन्यांनी 'कंपनी बंद झाली, पैसे परत करतोय' असा दुसरा फोन. त्यात समोरचा माणूस बँकेचं पान उघडायला लावतो आणि ब्राउझरमध्येच त्यावरचे आकडे बदलून दाखवतो, जणू चुकून जास्त रक्कम जमा झाली. मग रडकुंडीला येऊन 'वरचे पैसे परत करा, माझी नोकरी जाईल' म्हणतो. खात्यात काहीच आलेलं नसतं. अमेरिकेत एफबीआयच्या सायबर तक्रार केंद्राकडे २०२३ या एका वर्षात तांत्रिक मदतीच्या नावाखाली झालेल्या फसवणुकीचा ९२ कोटी डॉलरहून अधिक तोटा नोंदवला गेला, आणि त्यातला निम्म्याहून मोठा वाटा साठीपुढच्यांचा होता.

त्या फोनच्या पलीकडे बरेचदा आपलीच मुलं असतात, ही गोष्ट मला टाळता येत नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापा घातला. तिथला बहाणा व्हायरसचा नव्हता, अमेरिकेच्या आयकर खात्याचा होता, पण तऱ्हा तीच: आधी भीती घालायची, मग घाई करायची. शेकडो तरुण-तरुणी त्या रात्री पोलिसांच्या ताब्यात होते. २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या तक्रारींवरून दिल्ली, नोएडा, गुरुग्राममध्ये छापे पडले. ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयने 'ऑपरेशन चक्र-२' मध्ये ७६ ठिकाणी झडत्या घेतल्या, त्यामागच्या तक्रारदारांत मायक्रोसॉफ्ट आणि ॲमेझॉन होत्या. पदवी आहे, इंग्रजी बरं आहे, हाताला काम नाही, आणि 'टेक सपोर्ट एक्झिक्युटिव्ह' अशी जाहिरात दिसते. पहिल्या आठवड्यात काय चाललंय ते कळतं, तोवर पहिला पगार ठरलेला असतो. त्यांचं मी समर्थन करत नाही. पण आपल्या ओळखीतलं कोणी अशा नोकरीला लागत असेल तर 'समोरून फोन येतात, ते कोणाचे आणि कशामुळे येतात?' एवढं तरी आई-वडिलांनी विचारावं.

ही भीती मुळात खरी होती, हेही विसरून चालणार नाही. १९९० च्या दशकात फ्लॉपीतून येणारे काही व्हायरस सगळं पुसून टाकत. मायकलअँजेलो नावाचा व्हायरस ६ मार्चला जागा व्हायचा, म्हणून ती तारीख जवळ आली की लोक कॉम्प्युटर सुरू करायला घाबरत. त्याच काळात पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करता करता कॉम्प्युटरकडे वळलेले कैलास काटकर आणि त्यांचे धाकटे भाऊ संजय यांनी ग्राहकांच्या मशिनमधले व्हायरस काढण्यासाठी स्वतःचं सॉफ्टवेअर लिहिलं. त्यातून क्विक हील ही अँटिव्हायरस कंपनी उभी राहिली. माझ्या पिढीच्या महाराष्ट्रात 'अँटिव्हायरस टाकलाय का?' हा प्रश्न घराला कुलूप लावलंय का, इतक्या सहज विचारला जायचा. चोरांनी नेमकी ही सवय उचलली. विनफिक्सर, ड्राइव्हक्लीनर, एक्सपी अँटिव्हायरस ही खोट्या सॉफ्टवेअरची नावं काहींना आठवत असतील. ती विकणाऱ्या इनोव्हेटिव्ह मार्केटिंग या टोळीविरुद्ध अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी संस्थेने डिसेंबर २००८ मध्ये खटला भरला. दहा लाखांहून अधिक लोकांनी नसलेले व्हायरस काढायला पैसे भरले होते, आणि ती खोटी तपासणी नामांकित वेबसाइटवरच्या जाहिरातींतून उघडत होती. २०१२ मध्ये न्यायालयाने १६ कोटी ३० लाख डॉलरचा निकाल दिला.

हे सगळं चोरांचं झालं. मला जास्त त्रास होतो तो पुढच्या प्रकाराचा. अमेरिकेतली ऑफिस डेपो ही मोठी, प्रतिष्ठित दुकानांची साखळी. तिथे 'पीसी हेल्थ चेक' नावाची मोफत तपासणी व्हायची. सुरुवातीला ग्राहकाला चार प्रश्न: मशीन मंद चालतं का, मध्येच बंद पडतं का, असले. एकाला जरी 'हो' म्हटलं तरी तपासणीचा निकाल 'मालवेअरची लक्षणं आढळली' असाच यायचा, आत काहीही असो वा नसो. मग शेकडो डॉलरची दुरुस्ती गळ्यात. एका कर्मचाऱ्याने २०१२ मध्येच वरिष्ठांना लिहून कळवलं होतं, की दुकानाला चार पैसे जास्त मिळावेत म्हणून मी ग्राहकाशी खोटं बोलू शकत नाही. तपासणी २०१६ पर्यंत चालू राहिली. २०१९ मध्ये ऑफिस डेपो आणि हे सॉफ्टवेअर पुरवणारी कंपनी त्याच ट्रेड कमिशनच्या आरोपांवरून मिळून साडेतीन कोटी डॉलर भरायला तयार झाल्या. मार्च २०२४ मध्ये रेस्टोरो आणि रिइमेज या 'दुरुस्ती' सॉफ्टवेअरवाल्यांनी अशाच आरोपांवरून २ कोटी ६० लाख डॉलर भरायचं मान्य केलं. त्याच्याच आदल्या महिन्यात अव्हास्ट या खऱ्याखुऱ्या अँटिव्हायरस कंपनीवर कारवाई झाली, कारण तिने वापरणाऱ्यांच्या ब्राउझिंगची माहिती विकली होती.

म्हणून 'नामांकित कंपनीचंच घ्या' हा सल्ला मला अपुरा वाटतो. जावासारख्या सर्वमान्य सॉफ्टवेअरसोबत कित्येक वर्षं आस्क टूलबार, म्हणजे ब्राउझरला चिकटणारी शोधाची एक पट्टी, यायचा. आधीच टिकमार्क केलेला चौकोन आणि 'नेक्स्ट, नेक्स्ट' दाबत जाणारे आपण. २०१५ मध्ये सोर्सफोर्जसारख्या मुक्त सॉफ्टवेअरच्या जुन्या घरातूनही गिम्प या चित्रं संपादित करायच्या सॉफ्टवेअरच्या विंडोज आवृत्तीसोबत नको ती सॉफ्टवेअर देण्याचा प्रकार घडला होता. याला व्हायरस म्हणता येत नाही, कारण कुठेतरी बारीक अक्षरांत आपली संमती घेतलेली असते. मला तो फरक कायद्यापुरता वाटतो. पहिलं पान बदलतं, शोध भलतीकडे जातो, कोपऱ्यातून 'तुमच्या रजिस्ट्रीत ८४७ दोष' असं काहीबाही उगवत राहतं, आणि वापरणाऱ्याला आपलंच काहीतरी चुकलं असं वाटतं.

रजिस्ट्री (विंडोज आपली सेटिंग ठेवतं तो साठा) साफ करणारी, ड्रायव्हर (प्रिंटरसारखे भाग चालवणारी छोटी सॉफ्टवेअर) नवे करणारी, मशीन वेगवान करणारी सॉफ्टवेअर घरगुती वापरात लागत नाहीत, असं माझं स्पष्ट मत आहे. विंडोज ८ पासून मायक्रोसॉफ्टचा डिफेंडर हा अँटिव्हायरस आतच आहे. नको असलेली सॉफ्टवेअर अडवण्याची सोयही आहे: विंडोज सिक्युरिटीत 'ॲप अँड ब्राउझर कंट्रोल', त्यात 'रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन'. तिथला खटका चालू आहे ना, ते एकदा पाहून घ्या.

बाईंच्या लॅपटॉपवर आणखी एक गोष्ट निघाली. कोणत्याशा साइटने 'तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाउ दाबा' म्हटलं होतं आणि त्यांनी दाबलं होतं. ती खरं तर नोटिफिकेशनची परवानगी होती. तेव्हापासून पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात 'सुरक्षा संपली, त्वरित नूतनीकरण करा' असे तुकडे येत होते. ते विंडोजच बोलतंय असं वाटतं, कारण विंडोजच्या स्वतःच्या सूचनाही त्याच जागी येतात. नीट पाहिलं तर त्या तुकड्यावर ब्राउझरचं आणि साइटचं नाव बारीक अक्षरांत असतं. क्रोमच्या सेटिंगमधल्या 'साइट सेटिंग्ज'मध्ये नोटिफिकेशनची यादी उघडली आणि अनोळखी नावं काढून टाकली. काम फारच थोडं होतं, त्रास मात्र त्यांनी कित्येक आठवडे सोसला होता.

रोबो नसल्याचं सिद्ध करायला लावणारा याहून घातक प्रकार २०२४ पासून पसरलाय. पान सांगतं: विंडोजची कळ आणि आर दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. तोवर पानाने एक आज्ञा गुपचूप आपल्या क्लिपबोर्डवर, म्हणजे कॉपी केलेला मजकूर राहतो तिथे, ठेवलेली असते, आणि या तीन पायऱ्यांत आपण ती स्वतःच्या हाताने चालवतो. पान आत येऊ शकत नाही, म्हणून ते आपल्याला दार उघडायला सांगतं. कोणत्याही खऱ्या साइटला या कळा दाबून घ्यायची कधीही गरज नसते. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर नसतो, हेही इथेच लिहून ठेवते.

आणि कोणी आत येऊन गेलाच असेल, तर आधी वायफाय बंद करायचं. ते दूरून चालवायचं सॉफ्टवेअर काढून टाकायचं. बँकेला फोन करायचा, पण नंबर पासबुकावरचा किंवा कार्डामागचा, गुगलवर शोधलेला नाही, कारण तिथेही खोटे नंबर पेरलेले असतात. पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून बदलायचे. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर ताबडतोब फोन, रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधी. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने एनीडेस्कवरून होणाऱ्या फसवणुकीबद्दल बँकांना सावध केलं होतं, त्यामुळे हा प्रकार बँकेतल्या माणसाला नवा नसतो. सांगताना संकोच नको.

बाई आता परत येतात. मागच्या आठवड्यात मी एक निरुपद्रवी पान पडदाभर उघडून दिलं आणि प्रत्येकाने ते माउसशिवाय बंद करून दाखवायचं, असा सराव घेतला. बाईंनी कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून ब्राउझर बंद केला आणि शेजारच्या काकांना म्हणाल्या, "एस्केप डाव्या कोपऱ्यात आहे हो, वरती." कळांची नावं मोठ्या अक्षरांत छापलेला एक कागद आम्ही सगळ्यांना दिलाय. पुढच्या बैठकीचा विषयही त्यांनीच सुचवला: व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका किंवा वाहतुकीचा दंड म्हणून येणाऱ्या एपीके, म्हणजे मोबाइलमध्ये ॲप बसवणाऱ्या, फाइली. त्यांच्या भाचीला परवाच एक आली होती.